सध्या शिंपल्या खाऊ नकोस

४ फेब्रुवारी
शहरातून

बाळे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिना चढत होतो. खालच्या शिंप्यानं ते हातात दिलं आणि मी मधल्याच पायरीवर बसून फोडलं. वाचून झाल्यावर त्याला वर बोलावून चहा पाजला. तो म्हणाला, "नातू की नात?" म्हटलं, "अरे, अजून बाळ यायचंय, आत्तापासूनच माप घेतोस की काय?"

आनंद झाला हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. फार आनंद झाला. तुझी आई असती तर एव्हाना बोचकं बांधून तुझ्या दारात उभी राहिली असती.

एक विचारतो. या खेपेला बाळंतपणाला इकडेच ये ना, आणि शेवटच्या महिन्यात नको, आत्ताच ये. माझा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय. जिना चढताना तो माझ्याशी भांडतो. घरात कुणी असलं तर बरं वाटेल. भिंगरीलाही आण. आतल्या खोलीत पुस्तकांनी मुक्काम ठोकलाय, त्यांना बाहेर काढतो.

आणि हो, सध्या शिंपल्या खाऊ नकोस. कालवंही नकोत. पोटुशीला उष्ण पडतात म्हणे. भिंगरीलाही देऊ नकोस, तीन वर्षांच्या पोराचं पोट ते केवढं. जावईबापूंना आणि विहीणबाईंना माझा नमस्कार सांग.

बाबा

१५ फेब्रुवारी
खाडीवरून

बाबा,

हसू की रडू तेच कळेना. सगळी हयात सरकारी प्रयोगशाळेत दूध, तेल, मसाले तपासण्यात घालवलेला माझा बाप मला लिहितो, शिंपल्या उष्ण पडतात! लहानपणी शेजारच्या काकू थंड-उष्ण सांगायला लागल्या की तुम्हीच विचारायचात ना, "किती अंश?" आणि काकू फणकाऱ्यानं निघून जायच्या?

खरं सांगा. तुम्हाला शिंपल्या नकोत की शिंपलेवाला नको? लग्नाच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, चिखलात हात घालून पोट भरणाऱ्याकडे तुझं कसं व्हायचं. बरं झालं आहे माझं. चिखल अंगणापर्यंत येतो, उंबऱ्याच्या आत सासूबाई येऊ देत नाहीत.

आमच्या घरात शिंपल्यांशिवाय चूल पेटते कधी? हे तराफ्यावरून शिंपल्या वाढवायचे दोर पाण्यात सोडतात, सासूबाई ओहोटीला खाली उतरून कालवं फोडतात. परत आल्या की टोपली पालथी करून सगळ्यात टपोऱ्या शिंपल्या माझ्यासाठी बाजूला काढतात. मी नको म्हटलं तर समोर बसून भरवतात. "दोन जिवांची आहेस, लाजू नकोस." अशा बाईला मी काय सांगू, माझ्या बाबांनी पत्रातून मनाई पाठवलीये म्हणून?

त्यांचंच जरा बरं नाही. बोटांना मुंग्या येतात, पोलक्याची बटणं लागत नाहीत, मला लावून द्यावी लागतात. परवा कपबशी हातातून निसटली, तेव्हा कपबशीलाच शिव्या घातल्या. वय झालं म्हणतात. भिंगरी मजेत आहे. हल्ली मात्र वेंधळी झालीय, सरळ चालता चालता दाराच्या चौकटीला धडकते. आम्ही तिला चिडवतो, तुला दार मोठं करून देऊ का म्हणून.

शेवटच्या महिन्यात येईन. गुडघ्याला तेल चोळा. आणि पोस्टात फोन करू नका. एकच फोन आहे, मी "हॅलो" म्हणायच्या आत सगळ्या गावानं कान टवकारलेले असतात.

तुमची

२१ फेब्रुवारी

बाळे,

शिंपलेवाला हवा आहे. लिहून देतो, हवं तर सही शिक्क्यासकट. लग्नाला आलो नाही तो माझा ताठा होता. तुझ्या नवऱ्यात मी तेव्हा खोट काढली, आज काढायला गेलो तरी सापडणार नाही.

पण माझं ऐक. कारण विचारू नकोस. बापाचा हट्ट समज, म्हातारचळ समज, काहीही समज, पण तू आणि भिंगरीनं शिंपल्या तोंडात घालू नका. मी डाळी, अंडी, दुधाची पावडर पाठवतोय. खोकं मोठं आहे, जावईबापूंना पोस्टात पाठव.

सहज विचारतो. विहीणबाईंच्या ओठांभोवतीही मुंग्या येतात का? बोलताना जीभ जड होते का? भिंगरी बाजूनं येणारं माणूस पाहते, की अगदी समोर आल्यावरच? तिच्यासाठी एक खेळ कर. तिच्या कानाजवळून हळूहळू बोट पुढे आण आणि दिसलं की सांग म्हणावं.

आणखी एक मागतो. भिंगरीच्या केसांची एक बट पाठव. तुझीही एक. मुळापासून कापायची, आणि मुळाकडच्या टोकाला दोरा बांधायचा. तुझ्या आईनं तुझी पहिली बट जपून ठेवली होती. तिच्याबरोबर या दोन ठेवाव्यात असं मनात आलं. म्हातारपणी माणूस असलंच काहीतरी करतं.

बाबा

५ मार्च

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी परसात जाऊन रडून घेतलं. तुम्ही बटा मागाल असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. पाकिटात दोन आहेत. बारीक आणि भुरकट ती भिंगरीची. कात्री पाहून तिनं असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. माझ्या बटेत एक पांढरा केस आहे, तो तुमच्या काळजीचा. तुमच्या सांगण्याप्रमाणे मुळाकडे दोरा बांधलाय, पण तो कशाला ते कळलं नाही. आठवणीलाही उलटसुलट बाजू असते का?

खोकं मिळालं. सासूबाईंना ते झोंबलं. "आमच्याकडे सुनेला खायला मिळत नाही असं लिहिलंस का गं?" म्हणाल्या. मी डाळ शिजवली, त्या शेजारी बसून शिंपल्या सोलत राहिल्या. मग त्यांचा चेहरा पाहवेना, म्हणून डाळही खाल्ली आणि शिंपल्याही. रागावू नका. तुम्ही लांबून सांगता, मला एका ताटात दोघांची मनं राखायची असतात.

ओठांना मुंग्या येतात हे तुम्हाला कसं कळलं? मी तर लिहिलं नव्हतं.

बोटाचा खेळ खेळले. भिंगरीला बोट अगदी नाकासमोर आल्यावर दिसलं. ती खदाखदा हसली. मी पण हसले, पण मग नाही हसू आलं.

तुमची

२८ मार्च

बाळे,

ये. भिंगरीला घेऊन ये. हे पत्र मिळताच बस पकड, कपडे इथे घेऊ. कारण कागदावर लिहू शकत नाही.

येत नसशील तर मी येतो.

बाबा

४ एप्रिल

बाबा,

येऊ नका. आधी मला एका गोष्टीचं उत्तर द्या.

काल ओहोटीच्या वेळी सरकारी गाडी आली. दोघं जण बर्फाच्या पेट्या घेऊन उतरले आणि धक्क्याजवळच्या शिंपल्या पिशव्यांत भरायला लागले. त्यातला धाकटा बडबड्या होता. मी तुमचं नाव सांगितलं, तर केवढा आदर त्याच्या चेहऱ्यावर! "ताई, तुम्ही साहेबांच्या कन्या? हा दुसरा नमुना त्यांनीच मागवलाय. पहिला दिवाळखोर निघाला." मग दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

दिवाळखोर म्हणजे काय, बाबा? आणि पहिला नमुना कधी घेतला? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, थंडीत.

थंडीत मी तुम्हाला कळवलंसुद्धा नव्हतं की मला दिवस गेलेत. म्हणजे "उष्ण पडतात" लिहिलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. डाळ पाठवलीत तेव्हा ठाऊक होतं. आणि केस. माझ्या पोरीचे केस तुम्ही आठवण म्हणून मागितलेत आणि कुठल्या यंत्रात घातलेत? आईनं खरंच माझी बट ठेवली होती, की तेही थापच?

बटा मागणारं पत्र आलं त्या दिवसापासून मी तुमच्यावर किती माया करत होते, तुम्हाला सांगता येणार नाही.

सगळं लिहा. नाहीतर पुन्हा काहीच लिहू नका.

९ एप्रिल

बाळे,

पारा आहे.

थंडीत खाडीच्या शिंपल्यांचा पहिला नमुना माझ्याच टेबलावर आला. मी तो पुन्हा पुन्हा तपासला, यंत्र धुऊन पुसून तपासला. आकडा हलला नाही. मर्यादा ओलांडलेल्या नमुन्याला आमची पोरं दिवाळखोर म्हणतात. खाडीच्या वरच्या अंगाला कॉस्टिक सोड्याचा कारखाना आहे, त्यांच्या कामात पारा लागतो. तो गटारातून खाडीत येतो, चिखलात मुरतो, आणि शिंपल्या दिवसभर तेच पाणी गाळत बसतात. वास नाही, चव नाही. शिजवून जात नाही, धुऊन जात नाही.

मी वर कळवलं. मोठे साहेब म्हणाले, दुसऱ्या नमुन्याशिवाय एक शब्द बाहेर जाता कामा नये. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची मुलगी तिकडे दिलेली आहे. तुम्ही तर ओठच शिवून घ्या. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं सोयऱ्यांवर सूड उगवला." मी ओठ शिवले. नोकरीची भीती होती, पण तेवढीच नव्हती. माझ्या हातून चूक झाली असली तर? माझ्या एका वाक्यानं अख्ख्या खाडीचा धंदा बुडाला असता, आणि पहिलं घर तुझं बुडालं असतं. म्हणून वाट पाहिली. वाट पाहत असताना तू जेवत होतीस. हे मला रोज संध्याकाळी, चूल पेटवताना, आठवत असे.

केसांत पारा उतरतो. केस जसा वाढतो तशी त्यात नोंद होत जाते, म्हणून मुळाकडची बाजू हवी होती. तुझ्या केसांत खूप आहे. भिंगरीच्या त्याहून जास्त. विहीणबाईंचे केस मी पाहिले नाहीत, पण तू लिहिलेल्या बटणांवरून आणि कपबशीवरून मला कळलं.

आता जे लिहितो ते बसून वाच. पोटातलं बाळ आईच्या रक्तातून पारा स्वतःकडे ओढून घेतं. कधीकधी आई धडधाकट राहते आणि बाळ नाही. दरवेळी तसंच होतं असं नाही. तुझ्या बाळाचं काय होईल हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. जे बिघडलं ते परत जोडणारं औषध नाही. खाणं थांबवलं की शरीर हळूहळू पारा बाहेर टाकतं, एवढाच उपाय. म्हणून यापुढचा एकही घास नको. कुणाचंही मन राखू नकोस.

दुसऱ्या नमुन्याचा निकाल अजून यायचाय. मी थांबणार नाही. हे पत्र जाहीर वाचून दाखव, माझं नाव घेऊन.

तुझ्या आईनं बट ठेवली होती. शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली. ते खोटं नव्हतं.

बाबा

२० एप्रिल

बाबा,

वाचून दाखवलं. धक्क्यावर, लिलावाच्या वेळी, सगळे जमलेले असताना. खोक्यावर उभी राहिले. पोट पुढे आलंय, तोल सांभाळता येत नव्हता, तरी शेवटपर्यंत वाचलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं. व्यापाऱ्यानं विचारलं, "हा तोच ना, जो लेकीच्या लग्नाला आला नाही?" एक जण हसला, मग सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, आमचे आजे-पणजे हेच खाऊन म्हातारे झाले. मी म्हटलं, तेव्हा कारखाना होता का? मग हे पुढे आले. मला वाटलं माझ्या बाजूनं उभे राहतील. त्यांनी टोपलीतली एक शिंपली उचलली, सुरीनं उघडली आणि सगळ्यांसमोर कच्चीच खाल्ली. माझ्याकडे पाहिलंही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले तर सासूबाई चुलीशी. म्हणाल्या, "वाच. मला नीट वाच." बटणांचं आणि कपबशीचं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "पोर दाराला धडकते तेही यानंच?" मी हो म्हटलं. "आणि पोटातलं?" त्यांनी रटरटतं पातेलं फडक्यानं धरून उचललं आणि परसात नेऊन ओतलं. हाताला पकड नव्हती, अर्धं पायावर सांडलं. भाजलं, तरी हूं की चूं नाही. तिथेच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी भरवलं गं. तू नको म्हणत होतीस."

तेव्हापासून व्यापारी फिरकला नाही. कुठून तरी बातमी बाजारात पोचलीच. आता कुणाच्याच टोपल्या विकल्या जात नाहीत, आणि सगळं माझ्या नावावर. नळावर माझी घागर पुन्हा पुन्हा रांगेत मागे सरकवतात. विकलं जात नाही म्हणून लोक तेच घरी शिजवतात, पूर्वीपेक्षा जास्त. शेजारणीची तिन्ही मुलं अंगणात बसून कालवं खात होती. मी कुंपणावरून ओरडले, तर तिनं दार लावून घेतलं.

हे तराफ्यावरच झोपतात. तुमची डाळ संपत आलीय. बाळ लाथा मारतं, आणि बाबा, मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटते. प्रत्येक लाथ मी तपासते. ही नीट होती का, ही कालच्यापेक्षा हळू तर नव्हती?

मी तुमच्यावर अजून रागावले आहे. पण दुसरं लिहू कुणाला?

तुमची

२४ एप्रिल
खाडीवरून

व्याहीबुवा,

माझ्यानं पेन धरवत नाही, म्हणून मुलाकडून लिहून घेतेय. मी बोलते तसंच लिही म्हणून बजावलंय. मध्ये मध्ये थांबतो आणि नाक ओढतो.

तुम्ही लग्नाला आला नाहीत तेव्हा मी चारचौघांत तुम्हाला नावं ठेवली होती. अजूनही ठेवते, पण आता दुसऱ्या कारणानं. थंडीत कळलं होतं तर थंडीतच यायचं. धोतर सावरत यायचं, पण यायचं. तुम्ही आला असता आणि मी तुम्हाला दारातून हाकललं असतं, तरी माझ्या कानावर तर पडलं असतं. पुढचा घास उचलताना हात अडखळला असता. पत्रात उष्ण-बिष्ण काय लिहीत बसलात?

ते जाऊ दे. सुनेला आणि नातीला तुमच्याकडे पाठवते. ती नाही म्हणतेय, सासूला टाकून कशी जाऊ म्हणते. मी म्हटलं, मला काय टाकतेस, मी काय ओझं आहे? तिला चांगल्या दवाखान्यात दाखवा. पोरीचे डोळेही दाखवा.

मी येणार नाही. मी रोज धक्क्यावर जाऊन बसते. बाया टोपल्या घेऊन निघाल्या की त्यांना हात पुढे करून दाखवते. माझे हात थरथरतात ते बघा, म्हणते. पत्रावर विश्वास नसेल तर माझ्यावर ठेवा, मी काही शिकलेली नाही, मला कुणी पैसे दिलेले नाहीत. काही जणी थांबतात.

तुमची विहीण

बाबा, खाली मी लिहितोय. आईचे शब्द जसेच्या तसे आहेत. धक्क्यावर मी शिंपली खाल्ली. बायको लोकांसमोर एकटी उभी होती आणि मी तिच्या बाजूला जायला घाबरलो. दुसरं काही नाही. दोघींना रविवारी बसमध्ये बसवतो. कारखान्याचा माणूस येऊन गेला, धंदा बसलेल्यांना कामावर घेतो म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.

१९ मे
खाडीवरून

बाळे,

तू माझ्या खोलीत आणि मी तुझ्या चुलीपाशी, असं आपलं उलटसुलट झालंय. तुला स्थानकावरून घरी आणलं, दवाखान्यात नाव घातलं, आणि तुझ्या सासूबाईंच्या पत्राचं उत्तर द्यायला मी स्वतः इकडे आलो. त्यांनी दारातून हाकललं नाही. म्हणाल्या, "आलात? उशीर केलात. हातपाय धुवा."

दुसरा नमुना पहिल्यापेक्षा वाईट निघाला. सरकारनं धक्क्यावर पाटी लावली, शिंपल्या खाण्यास मनाई. कारखान्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. पाटी दोन दिवस टिकली, मग तिची फळी कुणाच्या तरी होडीत गेली. मला कार्यालयानं घरी बसवलंय. चौकशी होणार म्हणे. होऊ दे.

मी लोकांचे केस गोळा करतोय. धक्क्यावर माझ्याशी कुणी बोलत नाही, पण दुपारी परसदाराशी कडी वाजते. तुझी शेजारीण आली होती. पदराखाली तीन पुड्या, तिन्ही मुलांच्या. म्हणाली, "तुमच्या लेकीला सांगू नका मी आले होते." मी सांगतोय, तिला सांगू नकोस.

जावईबापूंनी कारखान्यात काम धरलं. रागावू नकोस. घरात दुसरं काही येत नाही. ज्या गटारातून विष येतं त्याच्या मालकाकडे ते पोती उचलतात, आणि घरी आल्यावर आईकडे बघत नाहीत. आम्ही दोघं एका पातेल्यातली डाळ खातो. परवा त्यांनी विचारलं, "बाबा, बाळ ठीक असेल ना?" मी खूप वेळ डाळच ढवळत राहिलो.

विहीणबाईंचं बोलणं आता जड झालंय. शब्द ओढत येतात. नजर आक्रसलीय, समोरचंच तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. तरी धक्क्यावर जातात. मी हात धरून नेतो.

भिंगरीच्या डोळ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते लिही. वाईट असलं तरी लिही. लपवायचं काम मी एकट्यानं पुरेसं केलंय.

बाबा

२६ जून
शहरातून

बाबा,

मुलगा झाला.

आधी रडला नाही. नर्सनं पाठीवर थापट्या मारल्या, मी मोठ्यानं ओरडत होते, रड रे, रड. मग रडला, पण बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. वजन कमी आहे. बोटं सगळी आहेत, मी मोजली, पायाचीही. दिसायला यांच्यासारखा आहे, कपाळ तुमचं.

डॉक्टर चांगल्या आहेत, पण त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. म्हणाल्या, आत्ता काहीच सांगता येत नाही. मान कधी धरतो, आवाजाकडे वळतो का, बसतो कधी, त्यावर कळत जाईल. वर्ष लागेल, दोन लागतील. म्हणजे मी रोज सकाळी उठून त्याची परीक्षा घ्यायची का? भिंगरीचं म्हणाल तर गेलेली नजर परत यायची नाही, पण आणखी जाणार नाही असं म्हणाल्या. ती बाळाशेजारी बसते आणि त्याला पाहायला डोकं अख्खं वळवते.

बाबा, एक विचारायचंय. डॉक्टर म्हणाल्या, पाजावं की नाही हे त्या ठामपणे सांगू शकत नाहीत. माझ्या दुधातही थोडं उतरत असणार. दुसरी नर्स म्हणाली बाटली द्या. तिसरी म्हणाली आईच्या दुधाला तोड नाही. तुम्ही जन्मभर दूध तपासलंत. माझं दूध कसं आहे?

तो भुकेनं व्याकूळ झाला होता. तुमचं उत्तर यायला आठवडा लागणार, त्याला आठवडा थांब कसं म्हणू? म्हणून पाजलं. खालच्या शिंप्याच्या बायकोनं उशी लावून दिली, मी डोळे मिटून घेतले आणि पाजलं. तो लगेच शांत झाला आणि माझं बोट धरून झोपला.

चुकलं असेल तर ताबडतोब कळवा. चुकलं नसेल तरी कळवा.

तुमची

३ जुलै
खाडीवरून

बाळे,

पाज.

मला खात्री नाही. बापाची चाचपडती बुद्धी सांगते एवढंच. पोटात असताना त्याच्याकडे जेवढं गेलं त्या मानानं दुधातून फार थोडं जातं, आणि तू आता ते खात नाहीस, म्हणून तेही कमी होत जाईल. बाटलीच्या दुधात जे नाही ते तुझ्यात आहे. माझं चुकत असेल तर दोष माझा, तुझा नाही. हे मी कागदावर लिहून सही करून देतोय.

तुझं पत्र जावईबापूंनी आईला वाचून दाखवलं. त्यांना आता सलग बोलता येत नाही. "कपाळ" एवढाच शब्द कळला. मी म्हटलं, हो, कपाळ माझं आहे, त्याला तेवढं सोसावं लागेल. त्या हसल्या असाव्यात. तोंड एका बाजूला गेलंय, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. जावईबापूंनी रजा मागितली, मिळाली नाही. ते काम सोडून उद्या बसमध्ये बसताहेत. सोबत काही आणणार नाहीत, नुसतेच येतील. त्यांना आत घे.

केसांचे निकाल आले, प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्यानं गुपचूप तपासून पाठवले. ते घेऊन मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो, आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. पुन्हा जाईन. शेजारणीच्या धाकट्याचा आकडा भिंगरीपेक्षा मोठा आहे. तिला सांगितलं. तिनं मला एवढंच विचारलं, "आता याला खायला काय देऊ?"

आज ओहोटीला मी एकटाच धक्क्यावर गेलो, कारण विहीणबाईंना उठवत नाही. त्यांच्या जागी बसलो आणि माझे हात पुढे केले, पण माझे हात धड आहेत, ते बघून कोण थांबणार? बाया टोपल्या घेऊन आल्या. मी वाटेत आडवा उभा राहिलो. आकडे सांगितले, हात जोडले, एकीच्या टोपलीला धरून राहिलो. काही जणी मागे फिरल्या. शेवटची एक उरली, तुझ्याएवढी, कडेवर पोर. ती मला शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही आज काय जेवणार?" मी म्हटलं, डाळ. ती म्हणाली, "आमच्याकडे किती दिवस पाठवाल?"

ती पोराला दगडावर बसवून खाली उतरली.

मी चपला काढल्या आणि तिच्या मागोमाग चिखलात उतरलो. गुडघ्यापर्यंत रुतलो. टोपली भरेपर्यंत तिच्याशी बोलत राहिलो, तुझं सांगितलं, भिंगरीचं, बाळाचं, थंडीत मी गप्प बसलो त्याचं. ती ऐकत होती, आणि वेचत होती.

बाबा